माळ्यावर सुकवलेली बॅटरी

मी मॅट्रिक पास होतो, हे आधी सांगून टाकतो. या हकिकतीत जो मूर्खपणा आहे तो अडाण्याचा नाही, शिकलेल्याचा आहे. आणि त्यापुढे जो हलकटपणा आहे त्याला शिक्षणाची गरज नव्हती, तो मी आपल्या हिंमतीवर केला.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. माझ्या मामांची रत्नागिरी ते देवरूख अशी एक सर्विस मोटार होती. मामांचा खरा जीव आंब्याच्या कलमांच्या बागेत. मोटार म्हणजे त्यांची हौस, आणि त्या हौसेची देखभाल त्यांनी माझ्यावर सोपवलेली. मी लहानपणापासून त्यांच्याच घरी वाढलो होतो. बाविशी ओलांडली तरी नोकरीचा पत्ता नव्हता, म्हणून तिकिटं फाडायची, पेट्रोलचे डबे आणवायचे आणि जागेवरून भांडणाऱ्या उतारूंना गप्प करायचं, एवढं काम माझ्याकडे आलं. तेवढ्यावर मी स्वतःला मॅनेजर समजत असे.

मोटार हाकायचे तांडेल. हे त्यांचं नाव नव्हे. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते, तेच नाव लेकाला चिकटलं. ते स्वतः दहा वर्षं आगबोटीच्या इंजिनखोलीत तेल घालत होते आणि समुद्राला विटल्यावर मोटारीकडे वळले होते. वय चाळिशीच्या पुढे. मामा त्यांना अरेतुरे करत, मी अहोजाहो करायचो. ते मला ‘धाकले’ म्हणायचे. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारा तसा माणूस तेव्हा गावात दुसरा नव्हता.

पावसाळ्यात सगळंच बंद. आगबोटी बंद, देवरूखचा रस्ता चिखलात गेलेला, मोऱ्या वाहून गेलेल्या. मोटार माडाच्या झापांच्या मांडवात उभी राहायची ती दसऱ्यापर्यंत. त्या चार महिन्यांत तिची बॅटरी काढून भाताच्या गिरणीत न्यावी लागे. गिरणीच्या तेलाच्या इंजिनाला मालकाने एक डायनामो जोडून घेतला होता आणि गावातल्या दोन-तीन मोटारींच्या बॅटऱ्या तिथेच चार्ज होत. तांडेल ती जड पेटी गोणपाटात गुंडाळून डोक्यावरून नेत आणि आणत, कधी चुकत नसत. त्या वर्षी मात्र त्यांचा भाऊ आजारी पडला. लावणीला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून त्यांना गावी जाणं भाग होतं. मामा बागेत होते. तांडेल पडवीत येऊन मलाच सांगून गेले.

“धाकले, म्हयन्यातनं एकदा तरी गिरणीत न्या तिला. नुसती ठेवलीत तर बसंल ती. आनि पानी घालीत जावा. कोरडी तेवढी पडू देव नका.”

मी म्हटलं, “तुम्ही निश्चिंत जा. मला कळतं सगळं.”

एकदा नेली मी. परत येताना पेटी कलंडून आतलं तेजाब माझ्या नव्या धोतरावर सांडलं आणि घरी पोचेपर्यंत मागच्या बाजूला चाळण झाली. बाजारपेठेतून मी तसाच चालत आलो. दोन दुकानांतून लोक हसले, आणि त्यांतला एक जण माझ्याबरोबर मॅट्रिकला बसून नापास झालेला होता. मला ते फार लागलं. पुन्हा गिरणीत जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मग मी विचार केला. मॅट्रिक झालेला माणूस विचार करतोच. आत तेजाबाचं पाणी आहे म्हणून आत काहीतरी चाललेलं असतं, आणि काही चाललेलं असतं म्हणून झीज होते. पाणीच काढून टाकलं तर झीज बंद. कोरडी पडू देऊ नका असं तांडेल म्हणाले होते खरे, पण ते अर्धवट कोरडीबद्दल असणार, असं मी माझ्या सोयीने ठरवलं. आणि कोकणात पावसाळ्यात एखादी वस्तू कोरडी ठेवायची तर ती कुठे ठेवतात? चुलीवरच्या माळ्यावर. भोपळ्याचं बी तिथे, कोकमाची सोलं तिथे, सुक्या कोळंबीचे सोडे तिथे. मी तेजाब माडाच्या मुळाशी ओतलं, पेटी उपडी करून निथळवली आणि शिडी लावून माळ्यावर चढवली.

मामी खालून म्हणाली, “अरे, तिथे सोडे आहेत. वास लागेल.”

“बॅटरीला वास लागत नाही, मामी.”

“बॅटरीला नाही रे. सोड्यांना.”

तरी तिने ठेवू दिली. दोन महिने ती आमच्या चुलीच्या धुरात शेकत पडली होती, आणि मी जेवायला बसलो की वर बघून स्वतःच्या हुशारीवर खूश होत असे.

गणपती झाल्यावर मी ती उतरवली, पुसली, गिरणीतल्या मिस्त्रीकडून ताजं तेजाब आणून भरलं. पेटी हाताला गरम लागली. मला वाटलं, जीव येतोय तिच्यात.

दसऱ्याला मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, मामांनी नारळ फोडला. तांडेल आदल्या दिवशीच गावाहून आले होते. ते गाडीत बसले आणि त्यांनी सेल्फ दाबला. आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि मग काही नाही. दिवे लावून पाहिले तर त्यांपेक्षा देवघरातली समई बरी. शेवटी खाली उतरून हँडल मारून त्यांनी इंजिन चालू केलं. मामांना बागेत जायची घाई होती, ते गेले. मग तांडेलांनी बॅटरी बाहेर काढली. पेटीच्या कडेच्या खाचेतून त्यांनी एक बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बोट विजारीला पुसून टाकलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. तिथे आम्ही दोघेच होतो.

गिरणीत दोन दिवस ती चार्जिंगला लावली. मिस्त्रीकडे काचेची एक नळी होती. तीत बॅटरीचं पाणी ओढून घेतलं की आतला काटा किती तरंगतो त्यावरून त्याला बॅटरीची तब्येत कळे. बॅटरीची तीन घरं. कडेच्या दोन घरांत काटा कसाबसा वर आला, मधल्या घरात तळालाच बसून राहिला.

मिस्त्री म्हणाला, “मधलं घर गेलं. चार्ज करून देईन, पण दोन-चार दिवसांचं काम. नवी घ्या.”

तांडेलांचंही तेच म्हणणं पडलं. बोटी सुरू झाल्या होत्या, मुंबईला लिहिलं तर आठ-पंधरा दिवसांत नवी बंदरावर उतरली असती. तेच सांगायला आम्ही दोघे संध्याकाळी मामांसमोर उभे राहिलो. मामा पडवीत झोपाळ्यावर बसले होते.

“दोन दसरे नाही झाले हिला घेऊन,” मामा म्हणाले. “गेली कशी? पावसाळ्यात गिरणीत नेत होतास ना रे?”

तांडेल म्हणाले, “मी गावाक व्हतो, मालक.”

“गावाला? आणि गाडी कोणावर टाकून गेलास?”

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडवीच्या खांबाकडे पाहत राहिलो. त्या खांबाला सुपारी कातरण्याचा अडकित्ता टांगलेला होता. तो आजही मला चित्रासारखा दिसतो, कारण मी त्याच्याकडे जितका वेळ पाहिलं तितका वेळ कुठल्याही अडकित्त्याकडे कोणी पाहिलं नसेल. तांडेल थांबले होते. मामाही थांबले होते.

“चुकलां माजां,” तांडेल शेवटी म्हणाले.

मामा संतापले, पण त्यांचा संताप त्या दिवशी विकणाऱ्यावरही होता. “तरी इतक्यात मरते कशी? मी जाब विचारतो त्यांना. ही परत पाठवू. उघडून बघा म्हणावं, आणि कशाने मेली ते लेखी कळवा.”

मुंबईला ती कोणी उघडली असती तर आतल्या पट्ट्या पाहून, ही कोणीतरी रिकामी करून शेकली आहे, असं पत्र मामांच्या हातात पडलं असतं. मग माळा, मग मामी, मग मी. एवढा वेळ ज्या तोंडातून शब्द फुटत नव्हता ते तोंड आता भराभर चालू लागलं. नवी कशाला, मामा? दोन घरं शाबूत आहेत. चारचारदा चार्ज केली की मधलं घरही उठतं, मी वाचलंय. काहीही वाचलं नव्हतं.

“नाय उठायची ती, मालक,” तांडेल म्हणाले. “आनि रोज हँडल मारून—”

“तू गप्प बस,” मामा म्हणाले. “बॅटरीतलं तुला किती कळतं ते दिसलंच. हा म्हणतो तर चार्ज करून चालवा.”

नवी घ्यायची की जुनीच चार्ज करायची, याचा निकाल असा लागला. माझी लाज झाकायला ती मेलेली पेटी आम्ही हंगामभर वागवली.

चार दिवसांनी गिरणी, पुन्हा चार दिवसांनी गिरणी. ठिणगी पडण्यापुरता जीव तिच्यात असे, सेल्फ फिरवण्याइतका कधीच नसे. म्हणून रोज सकाळी स्टँडवर तांडेल मोटारीच्या तोंडाशी वाकून हँडल मारत. थंडीत इंजिन जड होई, दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा मारावं लागे. उतारू आत बसून विड्या ओढत नाहीतर बाहेर उभे राहून, “तांडेल, एवढ्यात आम्ही चालत हातखंब्याला पोचलो असतो,” अशी थट्टा करत. तांडेल हसत नसत आणि चिडतही नसत. त्यांच्या तळहाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मी हातात तिकिटांचं पुस्तक घेऊन बाजूला उभा. एकदोनदा मी म्हटलं, “द्या, मी मारतो.” ते म्हणाले, “नको. उलटां मारील तुमाला.”

हँडल उलटं मारतं ते असं. ठिणगी भलत्या वेळी पडली की इंजिन उलट्या दिशेने झटका देतं आणि तो सगळा झटका हँडल धरणाऱ्याच्या हातावर येतो. जाणते लोक अंगठा हँडलभोवती न आवळता बोटांच्या बाजूलाच ठेवून धरतात. तांडेल जाणते होते. पण पौषातल्या एका सकाळी, किती वेळा मारलं ते त्यांनाही आठवत नसेल इतकं झाल्यावर, दमलेला हात जरा ढिला पडला असावा. कट्ट असा आवाज मी ऐकला. तो इंजिनाचा नव्हता. तांडेल उजवं मनगट डाव्या हातात धरून मडगार्डवर टेकले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. इंजिन मात्र चालू झालं होतं. एक उतारू म्हणाला, “चला, झाली सुरू.”

हाडवैद्याने मनगट बांधलं, पण ते वाकडंच बसलं. चाक धरून वळणं घेण्याची ताकद त्या हातात राहिली नाही. मामा दुष्ट नव्हते, त्यांना वाईट वाटलं. पण म्हणाले ते असं: “स्वतः हयगय केलीन, स्वतःला भोवली.” आणि लगेच मुंबईला पत्र टाकून नवी बॅटरी मागवली. जुनी परत पाठवायचं त्यांच्या मनातून गेलं होतं. त्यांना आठवण व्हायच्या आत मी ती गिरणीत नेऊन मिस्त्रीच्या भंगारात टाकली. या वेळी धोतराची पर्वा केली नाही.

नवी बॅटरी आली, नवा ड्रायव्हर आला. सेल्फला बोट लावलं की गाडी सुरू. उतारू खूश. मला तो आवाज ऐकवत नसे. तिकिटं फाडून मी मुद्दाम स्टँडच्या पलीकडे जाऊन उभा राहायचो.

शिमगा झाल्यावर मी जवळच मिरजोळ्याला तांडेलांच्या बिऱ्हाडी गेलो. ते अंगणात बसून डाव्या हाताने जाळं शिवायला शिकत होते. सुई सारखी सुटत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. धोतर, माळा, मामांसमोरचं गप्प बसणं, सगळं. सांगताना मला रडू आलं आणि आपण रडतोय याचं थोडं बरंही वाटलं. हेही लिहून ठेवतो.

“मना म्हायत हाय,” तांडेल म्हणाले. “सोड्यांचा वास येत व्हता तिला.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमी बोलाल असां वाटलां.” त्यांनी सुई पुन्हा उचलली. “मालकांच्या म्होरं तुमाला खोटां पाडून मी काय मिळवनार व्हतो?”

मी माफ करा म्हटलं. त्यांनी मान हलवली. “माफी मना नको. हात काय तुमी मोडलांव नाय. एक करा. मालकांना सांगा, बाटरी तांडेलानं मारलीन नाय. येवढां सांगा. बस.”

मी म्हटलं, आजच सांगतो.

घरी आलो तेव्हा मामा जेवत होते. जेवताना कशाला, म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं दुखत होतं. मग आंब्याचा हंगाम लागला आणि त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अशी कारणं माणसाला पुरतात, तीही वर्षानुवर्षं. एकदा बागेत आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, “मामा, ती बॅटरी...” ते म्हणाले, “कुठली?” मी म्हटलं, “काही नाही.”

यापेक्षा वाईट पुढे झालं. गावातल्या दुसऱ्या एका मोटारमालकाने आणखी दोन गाड्या घेतल्या. त्याला गाड्यांवर देखरेख करणारा जाणता माणूस हवा होता. हाताने गाडी हाकायची गरज नव्हती, डोळे आणि कान असले की झालं. त्याच्या मनात तांडेलच होते. तो मामांना विचारायला आला. मामा खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, “माणूस उत्तम. पण पावसाळ्यात मला न विचारता गाडी टाकून गेला आणि बॅटरी घालवलीन. तुम्ही बघा.” मी चार हातांवर बसलो होतो. त्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं, हा मॅनेजर काय म्हणतो अशा नजरेने. मी आत जाऊन त्याच्यासाठी चहा सांगितला. तांडेलांना ते काम मिळालं नाही. पुढे ते बंदरावरच्या एका वखारीत पोती मोजायला राहिले. स्टँडवर ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

मग काही वर्षांनी मामा गेले. महिनाभर अंथरुणावर होते, मी उशाशी होतो. त्या महिन्यात सांगायला वेळच वेळ होता. मरणाच्या दारातल्या माणसाला त्रास कशाला, हे कारण तेव्हा सापडलं. ते मला अजूनही सगळ्यांत चांगलं कारण वाटतं, म्हणून त्याचीच जास्त लाज वाटते.

तेराव्याला तांडेल आले. केस पिकले होते. मामीला भेटून ते मागच्या अंगणात माझ्याकडे आले आणि हळू आवाजात विचारलं, “धाकले, मालकांना सांगितलांव ना तां?”

मी म्हटलं, “हो.”

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. त्यांचं तोंड समोर होतं.

“मग? काय बोलले?”

हा प्रश्न येईल असं मी धरलं नव्हतं. मी म्हटलं, “म्हणाले, तांडेलावर मी अन्याय केला. त्याच्यासारखा सच्चा माणूस माझ्या पदरी दुसरा नव्हता.”

तांडेलांनी वाकड्या मनगटाने डोळे पुसले. “असां बोलले?” म्हणाले. “मालक असां बोलले.” आणि मान हलवत पंगतीत जाऊन बसले. आम्ही सगळे एका जातीतले, त्यामुळे एकच पंगत होती. मी भात वाढत येत होतो. माझ्या कानावर त्यांचा आवाज आला. शेजारच्या माणसाला ते मामांचं वाक्य सांगत होते, शब्द न् शब्द, जसं मी रचलं होतं तसं. शेजारी बसला होता तो मोटारमालक.

मी त्यांच्या पानांपाशी पोचलो. त्या गृहस्थाने वर पाहिलं.

“खरंच असं म्हणाले तुमचे मामा? कधी म्हणाले? मला कसं नाही कळवलंत कोणी?”

तांडेलही माझ्याकडे पाहत होते, आनंदाने, मी साक्ष देईन म्हणून.

“म्हणाले होते,” मी म्हटलं. “भात वाढू थोडा?”